लेखकाने जगायचे कशावर?



‘पूर्णवेळ लेखन ही हौसच, पोटासाठी नोकरी हवी’ हे गेल्या अंकातील पत्र पटले नाही. गो. नी. दांडेकरांनी तळेगावात राहून प्रामुख्याने लेखणीवरच संसार केला. ओढाताण होतेच, पण तिचे खापर लेखकावर का? इथे ग्लेन वेव्हर्लीच्या वाचनालयातून मी पुस्तक फुकट आणते, तरी ऑस्ट्रेलियन लेखकाला वाचनालयांतल्या प्रतींच्या अंदाजानुसार सरकार दरवर्षी मोबदला देते. ही योजना १९७५ पासूनची. आता ई-पुस्तकेही तिच्यात आली. तेवढ्यावर घर चालत नाही, पण रॉयल्टीच्या हिशेबाची वाट पाहणाऱ्याला तो हक्काचा आधार असतो. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रंथालय कायदा १९६७चा, पण त्यात अशा मोबदल्याची सोय नाही. वाचनालयातली प्रत शिवण उसवेपर्यंत घरोघर फिरते आणि लेखकाला रॉयल्टी मिळते एकाच प्रतीची! साहित्य संमेलनांनी आता अशा मोबदल्याच्या मागणीचा ठराव करावा.

– एक वाचक, ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न