साडेबाराचा मुहूर्त आणि डोळ्यांखालची सावली

आमच्या घरी सध्या दोन पक्ष आहेत. एक अण्णांचा, एक माझा. वाद एकाच गोष्टीवर.. माझं लग्न कुठे लावायचं?

माझं म्हणणं होतं की माळशेजच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टवर लावू. मागे सह्याद्री, समोर मावळतीचा सूर्य, फोटो असे येतील की बस्स! अण्णा म्हणाले, "डिंगोऱ्यात घर असताना डोंगरात कशाला जायचं? लग्न माणसांचं लावायचंय की डोंगराचं?" पुढचे दोन वीकेंड आम्ही एकमेकांशी फक्त "जेवलास का" आणि "हो" एवढंच बोललो.

मी हिंजवडीत कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतो. त्यामुळे फोटोतलं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. मग ठरवलं, भांडण्यापेक्षा मोजून बघू. इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार?

गुरुजींनी मेच्या मध्यावरची तारीख दिली होती आणि दोन मुहूर्त.. दुपारी १२ वाजून ३१ मिनिटे किंवा सायंकाळी ५ वाजून ८ मिनिटे. दुपारचा आमच्याकडे सगळ्यांच्या सोयीचा. लग्न लागलं, पंगती उठल्या, पाहुणे उजेडात घरी.

आता गंमत बघा. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर, म्हणजे पार तिकडे मिर्झापूरजवळच्या वेळेवर. आपला जुन्नर तालुका जवळजवळ ७४ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर घड्याळातल्या बारानंतर अर्ध्या तासाने येतो. मेच्या मध्यावर हिशोब केला तर बरोबर १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास! त्यात आपलं गाव १९ अंश अक्षांशाच्या जरा वर. १६-१७ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, उभ्या काठीची सावली काठीखालीच गडप. म्हणजे गुरुजींनी अख्ख्या वर्षातला सगळ्यात उभा उजेड शोधून दिला होता.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी अंगणात तीन फुटी काठी रोवली. साडेबाराला सावली जेमतेम सात इंच. आजी ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "लगीन ठरल्यावर पोरं येडी होत्यात, ह्यो लवकरच झाला."

उभ्या उन्हात काय होतं? कपाळाची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठांवर आणि मुंडावळ्यांची गालावर. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. यावर लोकांचा उपाय म्हणजे मांडव. पण मांडवाचं कापड लाल-गुलाबी असलं तर वऱ्हाड गुलाबी, आणि शेतातली हिरवी नेट ताणली तर सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं हिरवं-पिवळं. आंब्याखाली लावलं तर तोंडावर उन्हाचे कवडसे, एक डोळा उजेडात एक अंधारात. त्यातल्या त्यात पांढरं कापड बरं. ऊन त्यातून गाळून येतं आणि सगळीकडे सारखं पसरतं.

हे सगळं मी आईला समजावत होतो तर ती उठली आणि त्यांच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली. १९९४ सालचं लग्न, मे महिना, मुहूर्त दुपारचा. हार घालतानाचा एकच धड फोटो आहे. मी तो शंभर वेळा पाहिला असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात आईचे डोळेच दिसत नाहीत. नुसती सावली. मी म्हणालो, "बघ, हेच सांगतोय मी!" आई म्हणाली, "बरं झालं नाही दिसत. मी रडत होते."

मी गप्प बसलो. मग तिनेच विचारलं, "तुझ्या त्या डोंगरावर आजी कशी येणार रे?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हताच. आजीचे गुडघे गेलेत. ओट्यावरून न्हाणीपर्यंत जायला तिला धरावं लागतं. रिसॉर्टच्या हिरवळीवर पन्नास पायऱ्या उतरून तिला कोण नेणार? नेलीच असती, खुर्चीत उचलून. आणि ती दिवसभर अवघडून एका कोपऱ्यात बसली असती, फोटोच्या चौकटीबाहेर. मी लग्नाची जागा निवडताना मागे काय दिसेल याचा विचार केला, पुढे कोण उभं असेल याचा नाही.

बरं, तो सूर्यास्त तरी खात्रीचा होता का? पंचांगात मेच्या मध्यावर सूर्यास्त सातच्या सुमारास. पण आमच्या पश्चिमेला डोंगर आहेत, सूर्य त्यांच्या मागे त्याआधीच जातो. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी मेमध्ये खाली गेलेलं, काठावर भेगाळलेला गाळ. पावसाळ्यातले ते हिरवे फोटो बघून मेमधलं लग्न ठरवणं म्हणजे डेमो बघून सॉफ्टवेअर विकत घेण्यासारखं आहे.

मग मी अंगण मोजलं. आमचं घर पूर्वाभिमुख, आढं साधारण चौदा फुटांवर. त्या दिवसांत संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजाच्या वर सुमारे २७ अंश. म्हणजे घराची सावली अंगणात सत्तावीस फूट लांब! अख्खं लग्न त्यात मावतं. वर पूर्वेचं मोकळं आभाळ, तिथून येणारा मऊ, सारखा उजेड. कुणाला डोळे बारीक करायला नकोत, कुणाच्या तोंडावर खड्डे नाहीत. उजेड जरा निळसर असतो, तो कॅमेऱ्यात दुरुस्त करता येतो. कापड नको, हॅलोजन नको. आणि आजी तिच्या ओट्यावर, पाटांपासून दहा फुटांवर.

ज्या उजेडासाठी मी रिसॉर्टला लाखभर रुपये द्यायला निघालो होतो, तो आमच्या अंगणात रोज पाच वाजता येतो. आजोबांनी घर बांधलं तेव्हापासून येतोय.

अण्णांपुढे हे मांडलं तेव्हा त्यांनी शांतपणे तीन बग काढले. एक, मे महिन्यात पाच वाजता वळीव येतो. दोन, कल्याण-मुंबईचे पाहुणे रात्री माळशेज घाट उतरणार का? तीन, बिबट्या. शहरातल्या वाचकांना हे विनोदी वाटेल, पण आमच्या तालुक्यात अंधार पडल्यावर उसाच्या कडेने कुणी उगाच चालत नाही. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे ते काही हौस म्हणून नाही.

तिन्ही बरोबर होते. माझ्या उजेडाच्या हिशोबात माणसं घरी कशी जाणार हे कुठेच नव्हतं. मग तह झाला. मुहूर्त ५ वाजून ८ मिनिटांचा. पंगती लग्नाआधीच तीनपासून सुरू, म्हणजे लांबचे पाहुणे अक्षता टाकून लगेच निघतील आणि उजेडात घाट उतरतील. वळीव आलाच तर पाट पडवीत. गावातल्यांना सोडायला दोन गाड्या.

अण्णांची एकच अट. "फोटोवाला नवरा-नवरीच्या आणि लोकांच्या मधी उभा राह्यला नाही पाहिजे. लोकं तोंड बघायला येत्यात, त्याचं बूड बघायला नाही." मंजूर!

होणाऱ्या बायकोला फोनवर सगळं सांगितलं. डोंगरावरचे फोटो नाहीत म्हणून ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "अंगणात माझे डोळे दिसतील ना? मग झालं तर."

आपल्याकडे गोरज मुहूर्त हा शब्द किती जुना आहे बघा. गायी घरी परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते आणि त्या धुळीत ऊन सोनेरी होतं. फोटोवाले आज ज्याला गोल्डन अवर म्हणतात तो हाच. उजेड बघून वेळ ठरवणं आपल्याला नवीन नाही. नवीन आहे ते उजेडाच्या मागे धावत माणसं मागे ठेवणं. तुमच्याही घरी हा वाद चालू असेल तर आधी फोटोत कोण कोण हवंय त्यांची यादी करा. ती माणसं जिथे सहज बसू शकतील ती जागा धरा. मग काठी रोवा आणि तिथे उजेड किती वाजता चांगला असतो ते बघा. उलट्या क्रमाने करू नका, मी केलं होतं.

असो. पत्रिका छापायला गेली आहे. काठी अजून अंगणात आहे, आजी तिच्यावर टॉवेल वाळत घालते.