शाल-नारळ पुरे, आता यादी करू

ग्रंथपालांच्या संघटनेचं अधिवेशन म्हटलं की मला आधी शाल दिसते. मग नारळ, मग समई पेटवताना वाऱ्याने विझणारी काडी. बीजभाषणाचा विषय ‘बदलत्या काळात ग्रंथपालाची भूमिका’ हाच असतो. काळ दरवर्षी बदलतो, विषय तेवढा बदलत नाही. जेवणानंतर शोधनिबंधांची भराभर वाचनं होतात आणि चारच्या सुमारास सभागृहापेक्षा प्रमाणपत्रांच्या टेबलाशी जास्त गर्दी असते. त्या गर्दीत मीही असायचे. सोलापुरातल्या एका कला महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते, आणि प्रमाणपत्रं जोडल्याशिवाय बढतीची फाइल पुढे सरकत नसे.

संघटना नकोत असं मला म्हणायचं नाही. वेतनश्रेणी, रिकामी पदं, ग्रंथपाल निवृत्त झाला की ग्रंथालयाची किल्ली थेट कारकुनाच्या खिशात जाणं, हे एकट्यादुकट्याने सुटणारे प्रश्न नव्हेत. त्यासाठी महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या राज्यव्यापी आणि विद्यापीठनिहाय संघटना आहेत, त्या राहोत. मुंबईत विज्ञान ग्रंथालयांतल्या ग्रंथपालांची ‘बॉस्ला’ आहे. मला हवी आहे ती सोलापूर जिल्ह्यातल्या समाजशास्त्रांच्या ग्रंथपालांची एक छोटी, कामसू मंडळी. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांची कपाटं जे सांभाळतात, ते सगळे. त्यात महाविद्यालयांबरोबर हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी शहरातली जुनी सार्वजनिक ग्रंथालयंही यावीत.

वेगळी मंडळी कशाला, असं कुणी विचारील. रसायनशास्त्राच्या ग्रंथपालाला लागणारा माल प्रकाशकाकडून येतो. आमचा निम्मा माल गावातच पडलेला असतो आणि तो कुठलाही प्रकाशक विकत नाही. ड्यूईच्या वर्गीकरणात ३०० ते ३९९ हे आकडे समाजशास्त्रांचे. त्यातला ३३१ कामगारांचा. सोलापूर हे शहरच मुळी ३३१ आहे! गिरण्या, हातमाग, यंत्रमाग, चादरी, विड्या. पण आमच्या ३३१ च्या फळीवर काय होतं? श्रम अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांच्या डझनभर प्रती, तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांत. खुद्द सोलापूरवर म्हणाल तर १८८४ चं जुनं गॅझेटियर आणि धनंजयराव गाडगीळांचा शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरचा १९६५ चा इंग्रजी ग्रंथ. बाकी सारं फळीबाहेर.

विडी कामगार बायकांवर पीएच.डी. करणारी एक मुलगी माझ्याकडे यायची. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिचा अभ्यास तिला करायचा होता. तिला हवी होती मजुरीच्या करारांची पत्रकं, मोर्च्यांची हस्तपत्रकं, गृहनिर्माण संस्थेचे वार्षिक अहवाल. मी तिला काय देणार? शेवटी एका जुन्या कार्यकर्त्याच्या पलंगाखालच्या ट्रंकेत तिला निम्मा प्रबंध सापडला. मग मलाही हुरूप आला आणि आम्ही दोघी आणखी एका घरी गेलो. कार्यकर्ता वारला होता. सून म्हणाली, “काकू, दिवाळीच्या साफसफाईत सगळं रद्दीवाल्याला दिलं की. वाळवी लागली होती.” तिला काय दोष द्यायचा? त्या कागदांना कुणी विचारील, असं तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. ते सांगणं आमचं काम होतं.

आणि हे काम एकट्या ग्रंथपालाला झेपणारं नाही, त्याचं सोलापुरी कारण ऐका. हे शहर चार भाषांत जगतं. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांचे ज्ञातिसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, भजनी मंडळांची पुस्तकं तेलुगूत सापडतात. अक्कलकोटकडे निघालं की कन्नड सुरू होते. उर्दूचीही इथे परंपरा आहे. १९३१ च्या जानेवारीत फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते. दर जानेवारीत पोरं निबंधासाठी चार हुतात्म्यांवर ‘काहीतरी’ मागायला येतात आणि आम्ही तीच दोन मराठी पुस्तकं पुढे करतो. मला तेलुगू वाचता येत नाही. कुणी आणून दिलेला तेलुगू पुस्तिकांचा एक गठ्ठा मी ‘इतर’ असा शेरा मारून ठेवला होता. शेजारच्या महाविद्यालयात तेलुगू वाचणारा सहकारी असेल, त्याच्याकडे उर्दूचे गठ्ठे असतील, आणि तिसरीकडे उर्दू जाणणाऱ्या बाईंकडे कन्नड. तिघांनी एका टेबलाशी बसायचं, एवढंच.

हा विचार काही नवा नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, १९६९ साली स्थापन झाली. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, सदस्य-सचिव जे. पी. नाईक. दोघेही मराठी, आणि दोघांनाही ग्रंथालयाची किंमत ठाऊक. परिषदेने दिल्लीत समाजशास्त्रांचं प्रलेखन केंद्र काढलं, तेच आजचं ‘नॅसडॉक’. त्या काळात परिषदेने समाजशास्त्रांच्या नियतकालिकांची संयुक्त सूची केली. कुठल्या ग्रंथालयात कुठल्या नियतकालिकाचे कोणते अंक आहेत, याच्या राज्याराज्यांच्या याद्या, जाडजूड खंडांत छापलेल्या. संगणक नव्हता, कार्डं होती, टपाल होतं आणि पत्राला उत्तर देणारे ग्रंथपाल होते. आज आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर संगणक आहे, आणि सोलापुरात ‘समाजप्रबोधन पत्रिके’चे जुने अंक कुणाकुणाकडे आहेत हे विचारायला चार फोन करावे लागतात.

‘आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, मॅडम,’ असं तरुण सहकारी म्हणतात. आलंय खरं. केंद्राने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद केली, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी २०२५ पासून खुली झाली. उत्तम झालं. पण सोलापुरातली बरीच महाविद्यालयं खासगी संस्थांनी चालवलेली, आणि सुरुवात सरकारी संस्थांपासून आहे. उद्या सगळ्यांना मिळालं तरी ऑक्सफर्डचा अंक येईल. पूर्व भागातली पुस्तिका त्यातून यायची नाही.

बाहेरच्या जगात अशा मंडळ्या काय करतात, हेही पाहण्यासारखं आहे. समाजशास्त्रीय आकडेवारी सांभाळणाऱ्यांची ‘आयासिस्ट’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७४ पासून पाहण्यांच्या जुन्या फायली वाचता येण्याजोग्या राहाव्यात म्हणून खटपट करते. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी माणसांसाठी ग्रंथालयांच्या विषयसूचीत ‘बेकायदा परके’ अशा अर्थाचं शीर्षक होतं. विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला, ग्रंथपालांच्या संघटनेने २०१६ मध्ये ठराव केला, राजकारण आडवं आलं, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते शीर्षक बदललं ते २०२१ च्या अखेरीस. पाच वर्षं लागली, पण प्रश्न लावून धरणारी संघटना होती.

तसला प्रश्न आपल्या दारातच आहे. सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटलं की रिक्षावाला थेट नेऊन सोडतो. इंग्रजांनी ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं ती ही वस्ती. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. ग्रंथालयांच्या जुन्या तालिकांत मात्र ‘गुन्हेगार जमाती’ अजून सुखाने नांदत आहेत. त्याच वस्तीतला मुलगा आज एम.ए.ला असतो आणि आपल्या आजोबांविषयी काही शोधायचं तर त्याला तो शब्द टाइप करावा लागतो. माझं मत असं: मुख्य शीर्षक ‘विमुक्त जमाती’ करावं आणि जुन्या शब्दावरून तिकडे निर्देश ठेवावा, नाहीतर इंग्रजी अमदानीतले अहवाल अभ्यासकाच्या हाती लागायचे नाहीत. कुणाचं मत वेगळं असेल. पण एका ग्रंथपालाने एका दुपारी आपल्या मनाने ठरवायची ही गोष्ट नव्हे. चौघांनी बसून, त्या वस्तीतल्या माणसांना बोलावून ठरवायची आहे.

आक्षेप येतील. वेळ नाही, हा पहिला. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या फायली भरताना ग्रंथपालाची मान वर होत नाही, हे मी पाहिलंय, भोगलंय. पण खरी अडचण वेगळीच आहे. संस्थाचालकांना वाटतं, आपल्याकडे काय आहे ते दुसऱ्याला का सांगायचं? एका संस्थेत मला दुर्मीळ ग्रंथांचं कपाट कौतुकाने दाखवलं गेलं. यादी मागितली तेव्हा उत्तर आलं, “यादी कशाला? सगळं आमच्या सरांच्या डोक्यात आहे.” सर पुढच्या जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. यादी केली म्हणून पुस्तक कुणी उचलून नेत नाही. उलट यादीत नाव असलं की ते रद्दीत घालताना चार लोक विचारतात.

सुरुवातीला अनुदान नको, लेटरहेडही नको. महिन्यातला एक शनिवार, आळीपाळीने एकेका ग्रंथालयाचं वाचन दालन. येताना प्रत्येकाने आपल्याकडच्या, सोलापूरविषयीच्या दहा नोंदी आणायच्या: कुठल्याही भाषेतल्या, छापील, सायक्लोस्टाइल वा हस्तलिखित, कुणाच्या पलंगाखाली असल्या तर त्या घराच्या परवानगीने. सगळ्यांची मिळून एकच यादी, चार लिप्यांत, आणि ती विद्यापीठापासून वाचनालयापर्यंत सगळ्यांकडे सारखी. अध्यक्षपदाची घाई नाही. सचिव मात्र पहिल्याच दिवशी लागेल, आणि तो तेलुगू वाचणारा असावा.