फिरायला निघाले की ‘घाईची’ लागते, म्हणून फिरणे सोडू नका

मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या रुग्णाला ‘रोज चालता का?’ असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. वेळ मिळत नाही, गुडघे दुखतात, पाऊस होता. थोडे खोदून विचारले की काहीजण, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या स्त्रिया, आवाज खाली आणून खरे कारण सांगतात. ‘डॉक्टर, पंधरा-वीस मिनिटे चालले की घाईची लागते. घर गाठेपर्यंत जीव मुठीत असतो.’ अशी फजिती दोनदा झाली की चालणे बंद. मग साखर वाढते, गोळ्या वाढतात आणि खरे कारण फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

माझ्या मते व्यायाम बंद करणे हा या त्रासावरचा सर्वात महागडा उपाय आहे. बहुतेकांच्या बाबतीत हा आजार नसतो, वेळेचे आणि खाण्यापिण्याचे गणित चुकलेले असते.

हे जगातल्या उत्तमोत्तम धावपटूंनाही चुकलेले नाही. 2005 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पॉला रॅडक्लिफ हिला, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमवीर धावपटूला, टीव्हीचे कॅमेरे चालू असताना रस्त्याच्या कडेला बसावे लागले. ती उठली, धावली आणि 2 तास 17 मिनिटे 42 सेकंदांत शर्यत जिंकली. आपल्याकडे मात्र सोसायटीच्या बागेत चार फेऱ्या मारणारी व्यक्ती याच गोष्टीने ओशाळून घरी बसते.

असे का होते? जोराचा व्यायाम सुरू झाला की शरीर रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळवते. आतड्यांचा वाटा खूप कमी होतो आणि त्यांचे काम बिघडते. उन्हात, कमी पाणी पिऊन धावल्यास हे आणखी वाढते. धावताना पोटाला बसणारे हिसके वेगळेच. साध्या चालण्यात रक्ताचा हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे घड्याळ महत्त्वाचे असते. झोपेतून उठल्यावर मोठे आतडेही जागे होते. त्यात पोटात काही पडले की ते मल पुढे ढकलू लागते. आपण काय करतो? उठतो, कडक चहा घेतो, सोबत दोन बिस्किटे, आणि लगेच बूट घालून बाहेर पडतो. आतड्याला निघायची सूचना देऊन आपणच घराबाहेर पडलो, तर दोष आतड्याचा कसा?

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. अर्धा-पाऊण तास आधी उठा. कोमट पाणी किंवा चहा घ्यायचा तो तेव्हाच घ्या, आणि पोट साफ होण्याला वेळ द्या. तरीही जमत नसेल तर संध्याकाळी चाला. सकाळच्या हवेचे माहात्म्य जरा जास्तच सांगितले जाते. पोटभर जेवण आणि धावणे यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. लांब पल्ल्याच्या धावण्याच्या आदल्या रात्री उसळ, राजमा, कोबी, कच्ची कोशिंबीर टाळा. एरवी हे पदार्थ जरूर खा. दुधाचा चहा दोन आठवडे सोडून फरक पडतो का ते बघा, कारण आपल्याकडे अनेकांना मोठेपणी दूध नीट पचत नाही. साखरमुक्त गोळ्या-च्युइंगममधल्या सॉर्बिटॉलनेही जुलाब होतात, हे ‘शुगर फ्री’ म्हणून विश्वासाने खाणाऱ्यांना माहीत नसते.

औषधांची यादीही तपासावी लागते. मेटफॉर्मिनने अनेकांचे पोट सैल होते. ती गोळी स्वतःहून बंद करू नका; जेवणाबरोबर घेतल्याने किंवा हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराची घेतल्याने बऱ्याचदा भागते, पण तो बदल डॉक्टरांनी करायचा. आणि घाईच्या भीतीने इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशीपोटी चालायला जाणे तर धोक्याचेच, साखर एकदम खाली येऊ शकते.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन जवळ आली की दोन गोळ्यांबद्दल हमखास विचारणा होते. एक लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी. ती कधीतरी, डॉक्टरांना विचारून ठीक. रोज फिरायला जाण्याआधी नव्हे. दुसरी पळण्याआधीच घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी. रक्त कमी झालेल्या आतड्यांना आणि घामाने पाणी घटलेल्या मूत्रपिंडांना ती इजा करते. ही सवय मला अजिबात मान्य नाही.

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले किंवा फाटलेले असतील तर वीस-तीस वर्षांनी ‘धरून ठेवण्याची’ ताकद कमी पडते. त्यांना आहार बदलून पुरेसा फायदा होत नाही. वात अडवताना जसे आवळतो तसे पाच सेकंद आवळून सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. शिकवायला फिजिओथेरपिस्ट असेल तर उत्तम. तोवर स्वच्छतागृह असलेला रस्ता निवडा किंवा घराभोवतीच फेऱ्या मारा. जॉगिंग ट्रॅकवर रंगीत दिवे आणि पुतळे बसवतात, पण स्त्रियांसाठी उघडे, पाणी असलेले स्वच्छतागृह सापडणे कठीण. नगरसेवक मते मागायला आले की हे विचारायला हवे.

मात्र सगळेच व्यायामावर ढकलू नका. शौचातून रक्त जाणे, काळी शौच, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून शौचासाठी उठावे लागणे, रक्त कमी असणे, किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला आणि टिकून राहिलेला बदल, यांपैकी एकही असेल तर लवकर डॉक्टरांना दाखवा. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. लांब धावल्यावर पोटात जोराची कळ येऊन रक्त पडले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. व्यायाम नसतानाही घाई होत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी लागते.

दाखवायला येताना दोन आठवड्यांची नोंद वहीत घेऊन या : किती वाजता उठलात, काय खाल्ले-प्यायले, कोणती गोळी घेतली, चालायला लागल्यावर किती मिनिटांनी घाई झाली. संकोच वाटत असेल तर वही नुसती टेबलावर ठेवा. मी वाचून घेईन.