निष्ठा कोणाशी?

कामगारांत कामाविषयी आस्था उरली नाही, अशी ओरड मालकवर्ग आणि सरकारी अधिकारी सतत करीत असतात. वर्धा जिल्ह्यात राहून ती ऐकणाऱ्याला हसू आल्यावाचून राहत नाही. आस्था कशी रुजते आणि तिची मुळे कशी तोडली जातात, हे दोन्ही येथे पाहावयास मिळते.

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी उभारले. नवा विद्यार्थी प्रथम आश्रमातील शिबिरात जातो. खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना यांची सवय करतो. पुढे त्याची तुकडी एक खेडे दत्तक घेते. खेडुतांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेणारी आरोग्य विमा योजनाही या संस्थेने चालविली. आपण कोणासाठी राबतो, हे तेथे रोजच्या व्यवहारातूनच कळते. अर्थात खादी ही वेतनाची भरपाई नव्हे. ध्येयवादाच्या नावाखाली परिचारिका व सफाई कामगार यांना अल्प वेतनावर राबविण्याची खोड महाराष्ट्रातील सेवाभावी संस्थांना आहे, आणि आमच्या मित्रांच्या संस्थाही तिला अपवाद नाहीत.

आता पुलगाव पाहा. ३१ मे २०१६ च्या पहाटे केंद्रीय दारूगोळा भांडारात आग भडकली, तेव्हा ती विझविण्यास धावलेले लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशामक कर्मचारी प्राणास मुकले. ते कोणाचे सेवक होते, त्यांच्या मागे कुटुंबाची जबाबदारी कोणाची, याविषयी कोणालाही संदेह नव्हता. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत बहुतेक ठेकेदाराने आणलेले रोजंदार मजूर होते. धोका तोच, दारूगोळाही सरकारचाच; मात्र मजुराचे नाव ठेकेदाराच्या वहीत. अशा मजुराने निष्ठा वाहावी ती कोणाच्या चरणी? ठेकेदाराच्या, की ज्याने त्याला आपला म्हणण्याचे टाळले त्या सरकारच्या?

बारमाही कामांतील कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार १९७० च्या कायद्याने शासनाला दिला होता. तो अधिकार किती कंजूषपणे वापरला गेला, हे आमच्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. देवळी तालुक्यातील साथींनी आता निदान एवढे करावे : गावोगावी जाऊन, कोण कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या धोक्याच्या कामावर, किती रोजावर जातो, याची नोंद करावी आणि ती घेऊन कामगार आयुक्तांच्या दारी बसावे.