परसातील पाहुण्यांचा वाटा

मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारी परसबाग घरास भाजी पुरविते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथे येणारा प्रत्येक जीव शत्रूच, ही समजूत आमच्या मते योग्य नव्हे. मृगाच्या सरींबरोबर बाहेर पडणारा बेडूक रात्रभर किडे टिपतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला धोबी पक्षी ओल्या वाफ्यात शेपटी हालवीत तेच काम करितो. उन्हाळ्यात शिंपी पक्षी पाने शिवून घरटे बांधतो. चिमणी दाणे खाते खरी, पण पिलांना मुख्यत्वे अळ्या व किडेच भरविते. बुलबुलाने दोन पेरू टोचले, तर ती त्याची मजुरी समजावी.

परसातील भाजी थेट मुलांच्या ताटात जाते. तेथे जहाल विष फवारल्यास पाहुणे मरतील आणि घरच्यांनाही अपाय होईल. म्हणून अळ्या हातांनी वेचाव्यात, पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा व उन्हाळ्यात सावलीत पाण्याचे परळ ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाफे दाखविताना हे सोबतीही दाखवावेत. सायंकाळी घटकाभर परसात बसून त्यांची लगबग पाहण्यात जे समाधान लाभते, तेही बागेचे उत्पन्नच होय.