ॲपची घटक चाचणी कोण घेणार?

आपल्याकडे एक घटक शिकवून झाला की घटक चाचणी होते. सॉफ्टवेअरवाल्यांकडेही हाच शब्द आहे, युनिट टेस्ट. प्रोग्रामचा एकेक तुकडा आधी सुटा तपासायचा, मग सगळे तुकडे जोडून तपासायचे, आणि शेवटी जो माणूस ते रोज वापरणार त्याच्या हातात देऊन बघायचं. मला बोलायचंय ते या शेवटच्या परीक्षेबद्दल. आरोग्य आणि पोषणाची सरकारी ॲप्स पुष्कळदा ती पुरती न देताच वरच्या वर्गात जातात. मग ती परीक्षा होते आपल्या शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत, आणि नापास झाल्याचा भुर्दंड बसतो लेकराला.

पोषण ट्रॅकर हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. २०२१ च्या मार्चमध्ये हे ॲप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. मोबाइल जुने, तापतात, बंद पडतात आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, ही त्यांची तक्रार होती. या दोन्ही गोष्टी समजायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. एखाद्या गावातल्या दोन सेविकांजवळ आठ दिवस ॲप दिलं असतं तरी कळलं असतं.

पुढे नियम बदलला. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. आधी आधारवरून ई-केवायसी, नंतर समोर काढलेला फोटो त्याच्याशी जुळवायचा. हेतू चांगला आहे, आहार योग्य माणसालाच मिळावा. पण अभ्यासक्रम बदलला की आपण जुन्या प्रश्नपत्रिकेवर पास करत नाही ना? सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक बदलानंतर जुनं सगळं पुन्हा तपासायचं असतं, त्याला ते रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. मुंबई-दिल्लीच्या ऑफिसात, भरपूर रेंजमध्ये, नव्या मोबाइलवर फोटो जुळतोच. आपल्या जिल्ह्यातले प्रश्न वेगळे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, तिची नोंद सासरच्या गावात. ओटीपी जातो पुण्याला कंपनीत कामाला गेलेल्या नवऱ्याच्या मोबाइलवर. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला रेंज येते-जाते. अशा वेळी ताई म्हणते, "सर, फोटो घेऊनच नाही राह्यला," आणि बाई पिशवी घेऊन उभीच. असा एकेक प्रसंग म्हणजे चाचणीतला एकेक प्रश्न आहे. तो आधी विचारायचा असतो, बाई दारात आल्यावर नाही.

गणिताच्या शिक्षकांना आवडेल असंही एक उदाहरण देतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित, ११.५ पासून १२.५ च्या आत असेल तर मध्यम. प्रोग्राममध्ये 'पेक्षा कमी' की 'पेक्षा कमी किंवा समान', एवढ्या एका चिन्हाने मूल या यादीतून त्या यादीत जातं. म्हणून चांगला टेस्टर ११.४, ११.५, ११.६ असे काठावरचेच आकडे घालून बघतो. आणि घाईत ८.२ किलोऐवजी ८२ टाकलं तर? ॲपने निमूट घेतलं, तर ते ॲप कच्चंच म्हणायचं.

वापरणाऱ्याचं ऐकलं की सुधारणा होते, हेही आपण पाहिलंय. कोविन सुरुवातीला इंग्रजीत होतं, मराठीसह इतर भाषा २०२१ च्या जूनमध्ये आल्या. ऑनलाइन वेळ घेऊनही केंद्रावर न गेलेल्या काही लोकांना 'तुम्ही लस घेतली' असे मेसेज येऊ लागले, तेव्हा ८ मे २०२१ पासून चार अंकी कोड सुरू झाला. म्हणजे चूक लोकांनी पकडली. लोकांना आधी विचारलं असतं तर? नुसत्या पैशाने हे काम होत नाही. अमेरिकेची आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला उघडली, त्या दिवशी अख्ख्या देशातून अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. तुकडे तयार होते, जोडून पुरतं तपासलं नव्हतं.

आपल्या शेगाव तालुक्यातलंच बघा. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. असला प्रकार कोणत्या फॉर्मच्या यादीत आधीपासून असणार? म्हणून 'इतर' हा रकाना नीट चालतो का, तिथे मराठीत लिहिता येतं का आणि लिहिलेलं वर कोणी वाचतं का, हेही तपासायला हवं.

आता कायद्याचं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूलच. आरोग्यसेवेला काही सवलती आहेत, पण मुलांच्या आधार क्रमांकांच्या याद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायची सवलत कुठेच नाही. चाचणी घेतानाही खऱ्या मुलांची माहिती वापरू नये, खोटी नावं, खोटे आकडे घालावेत. आपण नमुना प्रश्नपत्रिका करतो, तसंच.

मी ॲपच्या विरोधात नाही बरं का. रजिस्टरच्या काळातही वजनं अंदाजाने टाकली जातच होती. मागणी एवढीच, की सक्तीचा आदेश निघण्याआधी संग्रामपूरचं एक गाव, लोणारचं एक आणि खामगाव शहरातला एक वॉर्ड इथे महिनाभर चाचणी व्हावी. ती सेविकांनी घ्यावी आणि त्या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळावेत. ॲप अडलं तर त्या दिवशी रजिस्टरवर सही घेऊन आहार द्यायचा, हे आदेशातच लिहिलेलं असावं.

तोवर पालकांनी एक करावं. ॲपमुळे आहार किंवा नोंद अडली, तर मोबाइलवर आलेला मेसेज आहे तसा, तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. वहीसाठी पान शाळेतून घेऊन जा, आम्ही देऊ.