अन्याय हे निमित्त, निर्णय माणसांचा

सीमाभागातल्या व्याख्यानमालांतून आणि वाचनालयांच्या चर्चांतून एक मत अलीकडे फार आत्मविश्वासाने मांडले जाते. पहलगामनंतर तर ते दर कार्यक्रमात ऐकू येते. मांडणारे गृहस्थ व्यासंगी आहेत, त्यांचे वक्तृत्व चांगले आहे आणि त्यांना टाळ्याही मिळतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दहशतवाद गरिबीतून आणि अन्यायातून उगवतो, जिथे अन्याय तिथे आज ना उद्या बॉम्ब फुटणारच. त्यामुळे दिल्लीच्या खुर्चीवर कोण बसला आहे याला महत्त्व नाही. कणखर नेता ही दूरचित्रवाणीने उभी केलेली मूर्ती आहे, सीमेपलीकडचे हवाई हल्ले हा मतांसाठी केलेला देखावा आहे, आणि कडक कायद्यात निरपराधच भरडले जातात. अन्याय दूर करा, बोलणी करा, दहशतवाद आपोआप विरेल. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. प्रजेचे रक्षण हे राज्यकर्त्याचे पहिले काम, बाकीची सगळी त्यानंतरची, असे मी मानतो. म्हणून या मताचा मला राग येतो, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

अन्यायातून दहशतवाद निपजतो हे विधान इतर कुठे केले असते तर एक वेळ समजू शकलो असतो. ते बेळगावजवळच्या कंग्राळीपासून हाकेच्या अंतरावर केले जाते याचे नवल वाटते. सीमाभागातल्या मराठी माणसाला अन्याय म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १७ जानेवारी १९५६ पासून इथे हुतात्मा दिन पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आला, त्याने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवावे असे सांगितले, आणि तोही तसाच पडून राहिला. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळ्या चालल्या. त्याचे स्मारक हिंडलग्याला उभे आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याला दोन दशके उलटून गेली. जमिनीच्या उताऱ्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत भाषेची अडवणूक तीन पिढ्यांनी सोसली. एवढ्या काळात इथल्या माणसाने काय केले? साराबंदी केली, सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ग्रामपंचायतींपासून विधानसभेपर्यंत निवडणुका लढवल्या, दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळून सायकल फेरी काढली, कोर्टात गेला. बाजारात बॉम्ब ठेवला नाही. कन्नड शेजाऱ्याच्या मुलाला बसमधून उतरवून, नाव विचारून गोळी घातली नाही. दगडफेक झाली, बसच्या काचा फुटल्या, त्याचे समर्थन मी करत नाही. पण निःशस्त्र माणसांना ठरवून मारणे हे या लढ्याच्या स्वप्नातही आले नाही.

आणि हे शौर्य नसल्यामुळे झाले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? ज्या मुलुखात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, जिथल्या गावागावांत निवृत्त सुभेदार-हवालदारांची घरे आहेत, तिथे बंदूक कशी धरायची हे माहीत नव्हते असे नाही. सेनापती बापटांचेच उदाहरण घ्या. याच माणसाने तरुणपणी पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या आत्मसात केली होती. तोच माणूस १९६६ साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, सीमाप्रश्नासाठी मुंबईत उपोषणाला बसला, आणि महाजन आयोग नेमला गेला त्यामागे त्या उपोषणाचा दाब होता. विद्या होती, कारण होते, रागही होता. तरी मार्ग वेगळा निवडला. अन्याय बॉम्बच्या मार्गावर ढकलतोच असे असते तर सीमाभाग कधीच पेटला असता. तो पेटला नाही, कारण इथल्या पुढाऱ्यांनी आणि घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी काय करायचे आणि काय करायचे नाही हे ठरवले होते. दहशतवाद हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो. जमिनीतून आपोआप उगवणारे ते गवत नव्हे. व्याख्यात्यांनी आपल्या श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिले असते तर हे विधान त्यांच्या तोंडून निघाले नसते.

गरिबीचे म्हणाल तर उत्तर लहान आहे. अजमल कसाब गरीब होता, खरे. पण त्याला पाठवणाऱ्या संघटनेचा म्होरक्या हाफिज सईद लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात प्राध्यापक होता, उमर शेख लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला होता, आणि पंजाब पेटला तेव्हा तो देशातल्या सर्वांत सधन राज्यांपैकी एक होता.

आता मूळ मुद्दा. दहशतवाद हा निर्णय असेल तर त्याला तोंड देणे हाही निर्णयच असतो, आणि निर्णय नेतृत्व घेते. नेता कोण याने फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी पुण्यात मुठेवरचा म्हात्रे पूल ओलांडताना त्याचे नाव कोणाचे आहे ते आठवावे. रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीतले अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ ला त्यांचे अपहरण झाले. अपहरणकर्त्यांनी खंडणी मागितली आणि तिहारमध्ये फाशीची वाट पाहणाऱ्या मकबूल बटच्या सुटकेची अट घातली. सरकार बधले नाही. दोन-तीन दिवसांतच म्हात्र्यांचा खून झाला. ११ फेब्रुवारीला बटला फाशी दिली गेली. निर्णय कठोर होता, त्याची किंमत एका मराठी कुटुंबाने मोजली, आणि ती किंमत लहान होती असे कोणी म्हणू नये. पण ओलीस धरून या देशाकडून कैदी सोडवून घेता येत नाहीत, हा निरोप पोहोचला. मग डिसेंबर १९८९ आला. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या मुलीचे श्रीनगरमध्ये अपहरण झाले आणि काही दिवसांत पाच अतिरेकी सोडले गेले. श्रीनगरच्या रस्त्यांवर त्याचा जल्लोष झाला. पुढचे वर्ष काश्मीरसाठी कसे गेले हे तिथून परागंदा झालेल्या पंडित कुटुंबांना विचारावे. आणि मग ३१ डिसेंबर १९९९. अपहृत विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात कंदाहारच्या विमानतळावर तीन अतिरेकी सोडले गेले. त्यातल्या मसूद अझहरने दुसऱ्याच वर्षी जैश-ए-मोहम्मद काढली. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरच्या हल्ल्यामागे आपल्या तपास यंत्रणांना तीच संघटना दिसली, आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात चाळीस जवान मारले गेले त्याची जबाबदारी तिनेच घेतली. सुटलेला दुसरा, उमर शेख, पत्रकार डॅनियल पर्ल यांच्या अपहरणात पकडला गेला.

हे तीन प्रसंग एका ओळीत मी मुद्दाम ठेवतो आहे, कारण यातला पहिला नकार एका पक्षाच्या पंतप्रधानांनी दिला आणि तिसरी शरणागती ज्या पक्षाच्या पंतप्रधानांच्या काळात झाली तो पक्ष माझ्या विचारांना अधिक जवळचा आहे. मोजमाप एकच ठेवायचे असते. इंदिरा गांधींच्या अनेक निर्णयांचा मी विरोधक आहे, आणीबाणीचा तर कायमचा. म्हात्रे प्रकरणात त्या बरोबर होत्या. कंदाहारचा निर्णय चूक होता. यावर नेहमीचा आक्षेप असा येतो की विमानात तुमचे नातेवाईक असते तर? आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळू नये. माझे नातेवाईक असते तर मीही पंतप्रधानांच्या दारात जाऊन आक्रोश केला असता. म्हणूनच तो निर्णय नातेवाइकांच्या हाती नसतो, सरकारच्या हाती असतो. आजच्या दीडशे जणांबरोबर उद्याच्या अनोळखी शेकडोंचा विचार करण्यासाठीच आपण एका माणसाला त्या खुर्चीवर बसवतो.

हवाई हल्ले हा देखावा, या म्हणण्याला मी एकच विचारतो: मग २६/११ नंतर काहीच न करण्याने पुढचे हल्ले थांबले का? पुण्याच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला सतरा जण गेले. गप्प बसण्यालाही परिणाम असतात, आणि तेही मोजले पाहिजेत.

बोलण्यांबद्दलचा वाद आमच्याकडे फार जुना आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी पंजाबविषयी हेच शब्द याच भागात ऐकू येत. पोलिसी उपायाने काही होणार नाही, उलट चिघळेल, असे तेव्हाचे जाणकार छातीठोकपणे सांगत. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना १० ऑगस्ट १९८६ ला पंजाबच्या अतिरेक्यांकडून पुण्यात भररस्त्यात मारले गेले तेव्हाही काहींनी आधी कारणे शोधली आणि मग दुःख व्यक्त केले. पंजाबात झाले ते त्यांच्या भाकिताच्या उलट. फेब्रुवारी १९९२ च्या निवडणुकीत चौथाई मतदारही बाहेर पडले नव्हते. निवडून आलेल्या मुख्यमंत्री बियंतसिंगांनी पोलिसांच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले, आणि जानेवारी १९९३ च्या पंचायत निवडणुकांना लोक रांगा लावून आले. त्या काळात पोलिसांकडून अत्याचारही झाले. बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांचा हिशेब न्यायालयापर्यंत गेला, आणि जायलाच हवा होता. बियंतसिंगांनी स्वतः ३१ ऑगस्ट १९९५ ला प्राण देऊन किंमत मोजली. पण पंजाब वाचला.

कडक कायद्यात निरपराध भरडले जातात, हा प्रतिपक्षाचा एकच मुद्दा मला खरोखर अडवतो. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, एकशे ऐंशीहून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. दहा दिवसांनी २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातलेही सगळे आरोपी सुटले. एका निकालावर एक बाजू आनंदली, दुसऱ्यावर दुसरी. मला दोन्ही निकालांत मेलेल्या माणसांना न्याय न मिळाल्याचे दिसते. पण यातून कायदाच नको असे निष्पन्न होत नाही. कणखरपणा भाषणात दाखवून तपास निष्काळजीपणे करू देणारे नेतृत्व नको, एवढे होते. चुकीच्या माणसाला वर्षानुवर्षे डांबले की खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. याची सर्वांत जास्त चीड माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला आली पाहिजे.

मग हवे ते नेतृत्व कसे? एक तर नकार देऊ शकणारे. दुसरे, आपल्यामागे टिकेल अशी व्यवस्था बांधणारे. शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी ठेवले. गड कोणा एकाच्या मनाने शत्रूला देता येऊ नये ही त्यामागची काळजी होती. २००८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मानेसरहून मुंबईला पोहोचेपर्यंत रात्र गेली. त्यानंतर मुंबईसह चार शहरांत त्यांची केंद्रे झाली आणि राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली. ही कामे आधी व्हायला हवी होती. तिसरे, उत्तरदायित्व. २६/११ नंतर केंद्रीय गृहमंत्री, मुख्यमंत्री आणि राज्याचे गृहमंत्री पायउतार झाले. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनच्या पठारावर पर्यटक होते, पहारा नव्हता, आणि सव्वीस माणसे मारली गेली. नंतरचा प्रहार मी योग्य मानतो. पण त्या नसलेल्या पहाऱ्यासाठी कोणीही पद सोडले नाही, हे योग्य मानत नाही. आणि कणखर म्हणजे निर्दय नव्हे. कर्नल संतोष महाडिक मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करत होते. कुपवाड्यातल्या पोरांना खेळाकडे आणि शिक्षणाकडे वळवण्याचे काम त्यांनी केले, आणि १७ नोव्हेंबर २०१५ ला तिथेच अतिरेक्यांशी लढताना ते पुढे राहून पडले. स्थानिकांशी माया आणि मारेकऱ्यांशी कठोरपणा एका माणसात राहू शकतो, याला याहून मोठा पुरावा मला लागत नाही.

पुढच्या लोकसभा निवडणुकीत मते मागायला जो कोणी आपल्या गल्लीत येईल, त्याचा झेंडा कोणताही असो, त्याला दोन गोष्टी विचारा: कंदाहार पुन्हा घडले तर तुमचा पक्ष काय करील, आणि बैसरन पुन्हा घडले तर राजीनामा कोण देईल.